रोषणाई आणि आख्यान : एका जपानी ॲनिमे-पर्वातील योशिवारा

१

युद्धप्रधान जपानी ॲनिमे-मालिकांविषयी एक आक्षेप पुनःपुन्हा आढळतो. तो असा की, चित्र जसजसे अधिकाधिक दिपवू लागले तसतशी कथा क्षीण होत गेली. प्रेक्षक थक्क होतो, पण त्याच्या पदरी काही पडत नाही. या आक्षेपाच्या मुळाशी एक तराजू गृहीत धरलेला आहे. एका पारड्यात दृश्यवैभव, दुसऱ्यात आख्यान. एक जड झाले की दुसरे वर जावयाचेच. प्रस्तुत लेखात या तराजूचीच तपासणी करावयाची आहे. त्यासाठी ‘किमेत्सु नो याइबा’ या मालिकेचे ‘युकाकु-हेन’ हे पर्व निवडले आहे. ते ५ डिसेंबर २०२१ ते १३ फेब्रुवारी २०२२ या काळात ११ भागांत जपानी दूरचित्रवाणीवर दाखविले गेले. ‘युकाकु’ म्हणजे परवानाप्राप्त वेश्यावस्ती, आणि येथे अभिप्रेत असलेली वस्ती म्हणजे तोक्योतील योशिवारा.

प्रश्न जुनाच आहे. ॲरिस्टॉटलने शोकात्मिकेची सहा अंगे सांगितली, त्यांत दृश्यवैभवाला शेवटचे स्थान दिले. ते कवीच्या कलेपेक्षा रंगसाहित्य करणाऱ्या कारागिराच्या कलेत अधिक मोडते, असा त्याचा अभिप्राय. भरतप्रणीत परंपरेने वेगळी वाट धरली. युद्ध, राज्यभ्रंश, मरण, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, प्रवेशकादी योजनांनी त्या सूचित कराव्यात, असा तिचा दंडक आहे. दोन्ही परंपरांमध्ये भेद पुष्कळ आहेत. तथापि काय दाखवावे आणि काय सांगावे ही निवड नाटककाराने जाणूनबुजून केली पाहिजे, या मुद्द्यावर त्यांचे एकमत आहे. आपल्याला विचारावयाचा प्रश्नही नेमका हाच आहे. एखादे दृश्य भव्य आहे की नाही, याला महत्त्व थोडे. ते दृश्य काय प्रकट करते आणि काय झाकते, हे पाहिले पाहिजे. योशिवाराच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष धार येते, कारण तेथे रोषणाई हेच झाकण्याचे साधन होते.

२

योशिवाराची स्थापना तोकुगावा राजवटीच्या परवानगीने १६१७ मध्ये एदो शहरात झाली. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर ती वस्ती असाकुसाच्या उत्तरेस नव्या जागी वसविण्यात आली. वस्तीला एकच महाद्वार आणि सभोवार खंदक. या खंदकाला लोक ‘ओहागुरो-दोबु’, म्हणजे दात काळे करण्याच्या रंगाचे गटार, असे म्हणत. खंदकाचे आणि एकमेव दाराचे प्रयोजन ग्राहकांवर नजर ठेवणे हे जसे होते, तसेच आतल्या स्त्रिया बाहेर पडू नयेत हेही होते.

भाषेच्या अभ्यासकाला या वस्तीच्या नावापासूनच सामग्री मिळू लागते. ‘योशिवारा’ हे नाव प्रथम ‘वेताळ्या बोरूंचे माळरान’ या अर्थाच्या चिन्हांनी लिहिले जाई. पुढे उच्चार तोच ठेवून पहिले चिन्ह बदलले आणि अर्थ झाला ‘शुभ माळरान’. दलदलीचे मांगल्य झाले ते केवळ लेखणीने. वस्तीतील स्त्रियांची एक स्वतंत्र बोलीही घडविण्यात आली. ‘आरिन्सु’ या क्रियारूपावरून ती विशेष ओळखली जाते. खेड्यापाड्यांतून आणलेल्या मुलींची प्रांतिक बोली कानी पडू नये, हा तिचा एक हेतू सांगितला जातो. म्हणजे वस्त्रालंकार, दिवे आणि मिरवणुका यांच्याप्रमाणेच बोलणे हाही प्रदर्शनाचा भाग होता. त्या बोलीने ऐकणाऱ्याला मोहविले जाई आणि बोलणारीचे गाव पुसले जाई.

या सर्वांच्या तळाशी कर्ज होते. मुलीच्या पालकांना आगाऊ रक्कम दिली जाई आणि ती फिटेपर्यंत मुलगी त्या घराची. कपडे, अंथरूण, औषध यांचा खर्च तिच्याच नावावर चढे, आणि कर्ज फिटण्याऐवजी वाढे. १८७२ मध्ये ‘मारिया लूझ’ या पेरूच्या जहाजावरील चिनी मजुरांचा खटला योकोहामात चालला असता, जपानी वेश्यांचे करार म्हणजे तरी दुसरे काय, असा प्रश्न प्रतिपक्षाने उपस्थित केला. त्याच वर्षी सरकारने या स्त्रियांच्या मुक्ततेचा हुकूम काढला. त्याच्या जोडीने निघालेल्या न्यायखात्याच्या आज्ञेतील युक्तिवाद प्रसिद्ध आहे. या स्त्रियांनी मनुष्याचे हक्क गमावले असल्याने त्या गुराढोरांहून वेगळ्या नाहीत, आणि गुराढोरांकडे कोणी कर्जाची परतफेड मागत नाही, असा तो होता. स्वातंत्र्य देणाऱ्या वाक्यातच मनुष्यत्व नाकारले गेले. यानंतर धंदा थांबला नाही. कुंटणखान्याला ‘काशिझाशिकि’, म्हणजे ‘भाड्याने द्यावयाची दालने’, असे नवे नाव मिळाले इतकेच. १९०० मध्ये धंदा सोडण्याचा हक्क नियमाने मान्य झाला, परंतु कर्जाचा पाश तुटला नाही. १९११ च्या आगीत वस्ती भस्मसात झाली. १९२३ च्या भूकंपात तिच्या आवारातील तळ्यापाशी शेकडो स्त्रियांना मृत्यू आला. वेश्याव्यवसाय-प्रतिबंधक कायदा १९५६ मध्ये संमत होऊन १९५८ मध्ये पूर्णपणे अमलात आला, तेव्हा परवान्याच्या योशिवाराचा अंत झाला. जवळच्या मिनोवा भागातील जोकान्-जी हे मंदिर ‘नागेकोमि-देरा’, म्हणजे ‘टाकून देण्याचे देऊळ’, म्हणून ओळखले जाते. वाली नसलेल्या वेश्यांची प्रेते तेथे आणून टाकीत. अशा सुमारे २५,००० जणींची नोंद तेथे असल्याचे सांगितले जाते.

३

हा इतिहास जपानी कलांनी दोन रीतींनी हाताळला. पहिली रीत दिव्यांची. काबुकीतील ‘सुकेरोकु’ हे नाटक १७१३ मध्ये प्रथम रंगभूमीवर आले. त्याचे स्थळ योशिवारा. नायकाचा डौलदार प्रवेश, मानिनी वारांगनेचा भरजरी पोशाख आणि ऐन क्षणी स्तब्ध होऊन घेतलेली ‘मिए’ ही ठरीव मुद्रा यांसाठी प्रेक्षक ते नाटक पाहतो. काष्ठमुद्रित चित्रांनीही हीच वाट चोखाळली.

दुसरी रीत जाळीची. होकुसाईची कन्या कात्सुशिका ओइ हिने योशिवाराचे एक रात्रीचे चित्र काढले आहे. दालनात दिव्यांचा लख्ख उजेड आहे आणि स्त्रिया ओळीने बसल्या आहेत. पण पाहणारा रस्त्यावर अंधारात उभा असल्याने लाकडी जाळीच्या उभ्या पट्ट्यांमुळे त्यांचे चेहरे त्याला बहुतांशी दिसत नाहीत. प्रकाश भरपूर असूनही माणूस दिसत नाही, हे त्या चित्राचे कथन आहे. हिगुचि इचियो हिची ‘ताकेकुराबे’ ही कथा १८९५-९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिने वस्तीच्या आत पाऊलच टाकले नाही. खंदकाबाहेर वाढणारी मुले, आणि त्यांतील जिची थोरली बहीण आत आहे अशी मिदोरि, यांच्या द्वारा वाचकाला आतले सर्व कळते. मिझोगुचि केन्जि याचा १९५६ चा ‘आकासेन् चिताइ’ हा चित्रपट प्रतिबंधक कायद्याची चर्चा चालू असतानाच्या योशिवारात घडतो. त्यात हिशेब, देणी आणि दमलेली माणसे आहेत, वैभव मात्र नाही.

या दोन रीतींतील भेद गुणवत्तेचा आहे असे मानण्याचे कारण नाही. ‘सुकेरोकु’ हे सामान्य नाटक नव्हे. परंतु २०२१ साली योशिवारा दाखवू पाहणाऱ्या दिग्दर्शकाच्या पाठीशी या दोन्ही परंपरा उभ्या होत्या, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याने काय निवडले याचा विचार करता येतो.

४

आता ॲनिमेच्या स्वतःच्या इतिहासाकडे वळू. तेथे दृश्यवैभवाचा प्रश्न प्रारंभापासून अर्थकारणाशी निगडित आहे. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढणे खर्चाचे. म्हणून एकच चित्र दोन वा तीन चौकटींपुरते वापरतात. १ जानेवारी १९६३ रोजी तेझुका ओसामु याच्या मुशि प्रॉडक्शन या संस्थेची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका सुरू झाली आणि ३१ डिसेंबर १९६६ पर्यंत तिचे १९३ भाग झाले. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग पुरा करावयाचा, तोही तुटपुंज्या पैशात. त्यामुळे सेकंदाला आठच चित्रे, केवळ ओठ हलणारे चेहरे, स्थिर चित्रावरून सरकणारा कॅमेरा आणि पूर्वीच्या चित्रांचा पुनर्वापर या युक्त्या रूढ झाल्या. हालचाल परवडत नव्हती, म्हणून कथा पुढे आली. कथेचा मान राखण्याचे तत्त्व यामागे असेलही. परंतु पहिले कारण दारिद्र्य हेच होते.

पुढे या दारिद्र्यातूनच कला निर्माण झाली. देझाकि ओसामु याने १९७० मध्ये सुरू झालेल्या ‘आशिता नो जो’ या मुष्टियुद्धाच्या मालिकेत निर्णायक क्षणी चित्र गोठविण्याची आणि त्याला रंगचित्राचे रूप देण्याची पद्धत वापरली. काबुकीतील ‘मिए’शी तिचे साम्य सहज लक्षात येते. ‘शिन् सेइकि इव्हान्गेरियोन्’ (१९९५-९६) या मालिकेच्या चोविसाव्या भागात नायकाने प्राणघातक निर्णय घ्यावयाचा आहे, तेथे पडद्यावर जवळजवळ एक मिनिट काहीही हलत नाही. युद्धप्रधान मालिकेतील सर्वांत ताणलेला क्षण असा निश्चल असू शकतो. दृश्यवैभव आणि हालचाल या एकच गोष्टी नव्हेत, हे या उदाहरणावरून सिद्ध होते.

याच काळात हालचालीच्या बाजूनेही एक परंपरा बळावली. कानादा योशिनोरि (१९५२-२००९) याची चित्रे आकाराने वेडीवाकडी आणि गतीने बेबंद असत. एखाद्या प्रसंगाचा हात कोणाचा हे रसिक ओळखू लागले. येथे एका शब्दाचा अर्थसंकोच नोंदण्याजोगा आहे. ‘साकुगा’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘चित्र काढणे’ एवढाच, आणि निर्मितिगृहात तो आजही रेखाटनाच्या विभागासाठी वापरतात. रसिकांच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ ‘विशेष नेत्रदीपक हालचालीचा तुकडा’ असा झाला. सर्व चित्रण ज्या शब्दात मावत होते त्यात आता केवळ अपवाद उरला. ज्या समाजाला संपूर्ण कलाकृतीतून नेमके असे तुकडे निवडून पाहण्याची सवय लागली, त्या समाजाच्या भाषेत असा अर्थसंकोच होणे स्वाभाविक होय.

मालिकेचा आकारही बदलला. ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही मालिका १९८९ ते १९९६ अशी अखंड चालली आणि तिचे २९१ भाग झाले. मूळ चित्रकथा पुढे जाईपर्यंत वेळ काढावा लागे. त्यामुळे पाच मिनिटांत नष्ट व्हावयाचा ग्रह कित्येक आठवडे टिके. तेथे युद्ध लांबले ते दृश्यवैभवासाठी नव्हे, सामग्रीच्या टंचाईमुळे. आजचे दहा-बारा भागांचे पर्व हे अगदी वेगळे रूप आहे. आधी पुष्कळ तयारी, मग थोडे भाग, आणि प्रत्येक भागावर भरघोस श्रम. ‘किमेत्सु नो याइबा’ ज्या युफोटेबल या संस्थेने निर्माण केली ती २००० मध्ये स्थापन झाली. रेखाटन, रंग, संगणकीय चित्रे आणि त्यांचे अंतिम मिश्रण ही कामे एकाच छताखाली करणे हे तिचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे हाताने काढलेली आकृती, संगणकाने उभारलेली गल्ली आणि दिव्यांची प्रभा एकजीव होतात. १९६३ साली जे परवडत नव्हते ते आता हाताशी आहे. म्हणून आवर कोठे घालावा हा प्रश्न आज नव्याने उभा राहतो. पूर्वी तो दारिद्र्याने परस्पर सोडविलेला होता.

५

गोतोगे कोयोहारु यांची मूळ चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात साप्ताहिकातून प्रसिद्ध होऊन २३ खंडांत पूर्ण झाली. प्रस्तुत पर्वात तिची सुमारे २८ प्रकरणे ११ भागांत येतात. दिग्दर्शक सोतोझाकि हारुओ. काळ ताइशो (१९१२-१९२६). राक्षसांचा निःपात करणाऱ्या संघातील उझुइ तेन्गेन हा योद्धा आपल्या तीन भार्यांच्या शोधात आहे. योशिवारातील एका राक्षसाचा ठाव घेण्यासाठी त्याने त्यांना तेथे पाठविले होते, पण त्यांच्याकडून बातमी येईनाशी झाली. तान्जिरो आणि त्याचे दोन मित्र यांना मुलींचा वेष देऊन तो तीन घरांत पोचवितो. शोध पहिल्या चार भागांत चालतो. पाचव्यापासून युद्धाला तोंड लागते आणि ते दहाव्याच्या अखेरीपर्यंत थांबत नाही. अकराव्या भागात पराभूत राक्षस-भावंडांची पूर्वकथा येते. भागांच्या गणतीने पाहता युद्धाला निम्म्याहून अधिक पर्व दिलेले आहे, म्हणून आक्षेपकांची तक्रार निराधार नाही.

तथापि गणती पुरेशी नाही. उझुइच्या तोंडी सतत एक शब्द असतो : ‘हादे’, म्हणजे भडक, झगझगीत, डोळ्यांत भरणारे. पाचव्या भागाच्या शीर्षकातही तो शब्द आहे. वरवर पाहता ही पर्वाने स्वतःच्या दृश्यवैभवाची केलेली जाहिरात वाटेल. परंतु हा मनुष्य मूळचा ‘शिनोबि’, आणि शिनोबि या शब्दाच्या मुळाशी लपणे व सोसणे हे दोन्ही अर्थ आहेत. ज्या कुळात भावंडांना अंधारात परस्परांशी झुंजवून मारविले गेले त्या कुळातून तो पळाला आहे. म्हणून त्याचे ‘हादे’ हे त्या लपण्याविरुद्धचे बंड आहे. शत्रूच्या प्रहारांची लय ओळखून तिचे स्वरलेखन मनात पुरे करणे ही त्याची युद्धरीत आहे, आणि ते पुरे होताच दहाव्या भागातील झुंजीला जी गती येते ती केवळ चमत्कृती राहत नाही. ती एका वाचनाची पूर्तता असते. येथे दृश्यच आख्यान झाले आहे, आणि तराजूची उपमा येथे लागू पडत नाही.

राक्षस-भावंडांच्या बाबतीत हे अधिक खोलवर आढळते, आणि तेथे नावे हीच किल्ली आहे. भावाचे नाव ग्यूतारो. एदोकाळी योशिवारातील कुंटणखान्यांसाठी गिऱ्हाइके ओढणाऱ्या व देणी वसूल करणाऱ्या पुरुषाला ‘ग्यू’ म्हणत. म्हणजे याला स्वतःचे नाव नाहीच, धंद्याचे नाव आहे. राक्षस झाल्यावरही सुखी माणसांवर सूड उगविण्याला तो वसुलीचाच शब्द वापरतो. त्याचे शस्त्र विळा. बालपणी त्याला खेळणे म्हणून मिळालेली वस्तू कोणा गिऱ्हाइकाने विसरलेला विळा हीच होती. बहिणीचे राक्षसी नाव दाकि. ‘पतित’ आणि ‘राजकन्या’ या दोन चिन्हांनी ते लिहितात. तिचे मानवी नाव उमे, म्हणजे जपानी आलुबुखार. आई ज्या रोगाने मेली त्या रोगाच्या नावावरून ते ठेवले गेले, असे कथेत सांगितले आहे. उपदंशाला जपानी भाषेत ‘बाइदोकु’ म्हणतात, आणि त्यातील ‘बाइ’ व ‘उमे’ यांचे चिन्ह एकच आहे. कानाला या दोन उच्चारांत कसलाही संबंध जाणवत नाही. एक देशी वाचन, दुसरे चिनी वळणाचे. संबंध आहे तो केवळ लिपीत. एका सुंदर मुलीच्या फुलासारख्या नावात तिच्या आईचा रोग दडलेला असावा, याहून योशिवाराचे अधिक नेमके वर्णन करणे कठीण आहे. ‘शुभ माळरान’ या नावाची ही धाकटी बहीणच म्हणावयाची.

येथे आपल्यासारख्या परकीय प्रेक्षकाने सावध व्हावयास हवे. विळ्याचे रक्तवर्णी चक्र, कोसळणारी छपरे, ज्वाळा यांना भाषांतर लागत नाही; ती सीमेवर जकात न देता आत येतात. ‘ग्यू’चा धंदा, ‘उमे’चे चिन्ह, वसुलीचा शब्द हे सर्व उपशीर्षकांच्या दोन ओळींत मावत नाही. तेव्हा परदेशी अभिप्रायांत दृश्यवैभव फार आणि आख्यान थोडे असा जो निर्णय दिसतो, त्याचा काही अंश कलाकृतीचा नसून भाषांतराच्या गळतीचा आहे. कलाकृतीचा दोष कोणता आणि वाटेत झालेली तूट कोणती, हे वेगळे करून दाखविणे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे कर्तव्यच आहे.

६

याचा अर्थ पर्व निर्दोष आहे असा नव्हे. त्याचा खरा दोष युद्धाच्या लांबीत नाही. तो विक्रीच्या प्रसंगात आहे. तीन मुलांना मुलींचा वेष देऊन घराघरांत खपविले जाते, त्यांतील एकाला जवळजवळ फुकट देऊन टाकावे लागते, आणि हे सर्व हास्यरसात घडते. प्रसंग गमतीदार आहे यात शंका नाही. परंतु ज्या व्यवहाराने या वस्तीतील प्रत्येक स्त्री आत आली तोच हा व्यवहार, आणि अकराव्या भागातील शोकाचे मूळही तेथेच आहे. पर्व हे दोन प्रसंग एकमेकांसमोर आणीत नाही. हसलेल्या प्रेक्षकाला आपण कशाला हसलो होतो याची आठवण शेवटी करून दिली असती, तर हास्यालाही अर्थ आला असता. पर्व जाहीर झाले तेव्हा, फेब्रुवारी २०२१ मध्ये, वेश्यावस्ती हा विषय मुलांना कसा समजावून सांगावा याची चर्चा जपानमध्ये झाली होती. निर्मात्यांनी तो विषय टाळला नाही, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. पण पहिल्या भागांत त्याला रोषणाईच्या आड ठेवले.

दुसरा दोष त्यातूनच उद्भवतो. युद्ध सुरू होताच वस्तीतील सामान्य स्त्रिया दिसेनाशा होतात. कोइनात्सु नावाची एक प्रौढ समजुतीची वारांगना, जी विवाह करून बाहेर पडण्याच्या बेतात आहे, ती चौथ्या भागापर्यंत आपल्या मनात ठसते. पुढे घरे कोसळतात, रस्ते पेटतात, आणि तिच्यासारख्या इतर शेकडो जणींचे काय झाले हे विचारण्यास कथेला उसंत नसते. १९११ ची आग आणि १९२३ चा भूकंप ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही जळती वस्ती निव्वळ पार्श्वभूमी म्हणून पाहणे जड जाते. ओइच्या चित्रात जाळीमुळे चेहरे दिसत नाहीत, आणि ते न दिसणे हाच त्या चित्राचा विषय आहे. येथे ते ज्वाळांमुळे दिसत नाहीत, आणि त्याची कोणाला जाणीव नाही. दृश्यवैभवावरचा रास्त आक्षेप हा होय. ते कथेची जागा अडविते म्हणून नव्हे, तर माणसे झाकते म्हणून.

अकरावा भाग मात्र हे ऋण पुष्कळ अंशी फेडतो. तुटलेली दोन मस्तके एकमेकांना दोष देत भांडतात. तान्जिरो ग्यूतारोच्या तोंडावर हात ठेवून त्याला थांबवितो, कारण या दोघांना जगात परस्परांवाचून कोणी नाही. मग त्यांचे बालपण येते. वस्तीच्या हलक्या कडेवरील राशोमोन्-गाशि हा भाग, उपासमार, तेराव्या वर्षी एका सामुराईचा डोळा फोडल्याबद्दल उमेला जिवंत जाळले जाणे, आणि शेवटी बहिणीला पाठीवर घेऊन आगीकडे चालत जाणारा भाऊ. ज्या पडद्यावर आठवड्यापूर्वी सर्व काही उसळत होते, तेथे येथे अंधार आणि चालण्याची गती एवढेच उरते.

पराभूताच्या मृत्युसमयी त्याची पूर्वकथा सांगण्याची ही रीत मालिकेत सर्वत्र आहे, आणि यांत्रिक म्हणून तिची हेटाळणीही होते. जपानी रंगभूमीच्या अभ्यासकाला मात्र येथे ‘मुगेन्-नो’ या नाट्यप्रकाराची आठवण होईल. झेआमि (सु. १३६३-१४४३) याने घडविलेल्या या प्रकारात वाटसरू भिक्षूला एक अनोळखी व्यक्ती भेटते, उत्तरार्धात ती मृत योद्ध्याचा आत्मा म्हणून प्रकट होते, आपले अखेरचे युद्ध नृत्यातून सांगते आणि भिक्षूच्या प्रार्थनेने शांत होते. थेट प्रभावाचा दावा येथे केलेला नाही. साम्य रचनेचे आहे. तेथे युद्ध आणि त्याचे कथन एकाच देहात, एकाच वेळी घडतात. पाहणे आणि ऐकणे यांची फारकत होत नाही. ॲनिमे-पर्वात ती होते. दहावा भाग ६ फेब्रुवारीला, अकरावा १३ फेब्रुवारीला. आधी विस्मय, मग आठ दिवसांनी करुणा. या विभागणीचा परिणाम पुढेही दिसतो. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘मुगेन्-जो’ चित्रपटत्रयीतील पहिल्या चित्रपटाविषयी अनेक प्रेक्षकांची तक्रार नेमकी उलट होती : पूर्वकथा मध्येच येऊन युद्धाचा रसभंग करतात. कथा कमी आणि कथा फार, या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच. दाखविणे आणि सांगणे यांना वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले की कोणताही कप्पा दुसऱ्याच्या आड आल्यासारखा वाटणार.

७

या विवेचनावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे, पण उपयोगाचा ठरावा. दृश्यवैभव आणि आख्यान यांचे वजन मिनिटांनी करता येत नाही. ‘आशिता नो जो’मधील गोठलेले चित्र आणि उझुइच्या स्वरलेखनाची पूर्तता ही दोन्ही दृश्ये कथाच सांगतात, उलट ठरीव साच्यात ओतलेली पूर्वकथा हीही एक प्रकारची सजावट होऊ शकते. अभ्यासकाने प्रत्येक भव्य दृश्याला तीन प्रश्न विचारावेत. हे दृश्य नसते तर आपल्याला कोणती गोष्ट कळली नसती? या दृश्यामुळे कोण दिसेनासे झाले? आणि मूळ भाषेच्या प्रेक्षकाला येथे जे ऐकू वा वाचू येते, त्यातले आपल्यापर्यंत किती पोचले?

प्रस्तुत पर्व पहिल्या प्रश्नाला बहुधा उत्तीर्ण होते, दुसऱ्याला बव्हंशी नापास होते, आणि तिसऱ्याचे उत्तर त्याच्या हाती नसून भाषांतरकाराच्या आणि आपल्या हाती आहे. योशिवाराच्या इतिहासात दुसरा प्रश्न सर्वांत जड आहे. तीन शतकांहून अधिक काळ त्या वस्तीचे दिवे ज्यांना झाकण्यासाठी लावले गेले, त्यांची नावे जोकान्-जीच्या नोंदींत बहुधा एका ओळीहून अधिक जागा व्यापीत नाहीत. अकराव्या भागाने त्या कोट्यवधी प्रेक्षकांसमोर अशा एका मुलीचे खरे नाव उच्चारले आणि ते नाव कोठून आले हेही सांगितले. लखलखाटात हरवलेल्या दहा भागांनंतर का होईना, आख्यानाने आपले काम केले, असे म्हणावयास हरकत नाही.